दोनशे रुपयांचं अक्षर

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडमागं रेडियमची दुकानं आहेत. पूर्वी तिथं नंबरप्लेट रंगवून मिळायची, ट्रॉलीच्या फाळक्यावर ‘आई-वडिलांची पुण्याई’ लिहून मिळायची. आता काउंटरच्या काचेखाली चकचकीत अक्षरं मांडलेली असतात. व्हीडीआय, झेडडीआय, टर्बो, फोर बाय फोर, लेजेंडर. दुकानदार त्याला मोनोग्राम म्हणतो, पोरं लोगो म्हणतात. गाडी खालच्या मॉडेलची असली तरी काही अडत नाही, मागं वरच्या मॉडेलचं अक्षर चिकटवून मिळतं. दर दोनशे रुपये, चिकटवायची मजुरी धरून.

मी ह्या प्रकाराविरुद्ध बोललो की पोरं हसतात. “काका, दोनशे रुपयांची पट्टी ती. माणसाला हौस असती. तुमचं काय जातंय?” माझं काहीच जात नाही. माझ्या जुन्या जीपच्या मागं जे नाव होतं ते गंजून पडलं, त्यालाही बारा वर्षं झाली. पण कुणाचं तरी जातं, आणि ज्याचं जातं त्याला बहुतेक वेळा ते इंग्रजी अक्षर धड वाचताही येत नसतं. म्हणून हे लिहायला बसलो.

त्या अक्षराचा अर्थ आधी सांगतो, कारण गाडीत बसणाऱ्या निम्म्या लोकांना तो ठाऊक नसतो. मारुतीच्या गाड्यांत एल म्हणजे खालची पायरी, व्ही मधली, झेड वरची. त्यापुढं एक्सआय असलं तर पेट्रोल आणि डीआय असलं तर डिझेल. २०२० च्या एप्रिलपासून कंपनीनं डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या बाजारात आमच्याकडं अजून एलडीआय, व्हीडीआय आणि झेडडीआय ह्यांचंच राज्य आहे. शेतकऱ्याचा जीव डिझेलवर. आता बाहेरून बघितलं तर ह्या तिन्ही गाड्या सख्ख्या बहिणी. इंजिन तेच, पत्रा तोच, ॲव्हरेज तेच. फरक आतल्या सामानात. खालच्यात काच हातानं फिरवायची, वरच्यात बटणावर. हे झालं सुखाचं. पण एक फरक जिवाचा होता. त्या काळात बऱ्याच लहान गाड्यांत एअरबॅग फक्त वरच्या मॉडेलातच यायच्या, खालच्यात त्यांची जागा कोरी असायची. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटपुढची सगळ्या नव्या गाड्यांत यायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या लाखो गाड्या आज खेड्यापाड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं फिरताहेत. त्यांच्या बाबतीत मागचं अक्षर म्हणजे नुसती हौस नाही. आत काय आहे आणि काय नाही, ह्याची ती एका अक्षरातली यादी आहे.

आणि ही यादी दोनशे रुपयांत बदलून मिळते.

मी शिकलो दहावीपर्यंत. पण बाजार कसा करायचा हे मी शाळेत नाही, खरसुंडीच्या बैलबाजारात शिकलो. वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. खिलार बैलांच्या रांगा. शिंगं साळून काचेसारखी गुळगुळीत केलेली, त्यांना हिंगूळ लावलेला, अंगावर तेलाचा हात, गळ्यात घुंगरमाळा. मला एक जोडी फार आवडली. वडिलांनी तिच्या शिंगाकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढं गेले, बैलाच्या नाकात बोटं घातली, खालचा ओठ ओढला आणि दात बघितले. बैलाला पुढचे दात खालीच असतात, हे गावच्या पोराला सांगायला नको. दोन दात आले म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, आठ जुळले म्हणजे पाचाच्या घरात, आणि त्यापुढं ते झिजत जातात. व्यापारी म्हणत होता, “चारदाती हाय मालक, कवळं जनावर.” वडिलांनी ओठ सोडला, हात धोतराला पुसला आणि पुढच्या रांगेकडं चालू लागले. वाटेत मला एवढंच म्हणाले, “शिंगं त्येनं साळल्यात. दात देवानं दिल्यात.”

व्यापारी तेव्हाही लबाडच होते. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून तरणं दाखवायचे, लंगडतं जनावर मऊ वाळूत उभं करायचे. पण घेणारा ओठ ओढून बघायचा. लबाडी होती आणि तिच्यावर उताराही होता. आज त्या जातीच्या बापांची पोरं गाडी घ्यायला जातात आणि शिंगाचा हिंगूळ बघून पैसे मोजतात.

गंमत अशी की हाच माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला गेला तर अजून बापाचाच पोरगा असतो. गावात पहिला ट्रॅक्टर आला तो इंटरनॅशनलचा बी-२७५. तेव्हापासून आमच्याकडं बॉनेटवरच्या आकड्याला मान आहे. ५७५ म्हटलं की पंचेचाळीस हॉर्सपॉवर, २६५ म्हटलं की तीस, हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरीपण आकडा बघून कुणी ट्रॅक्टर घेत नाही. सकाळी न सांगता जातो. आधी सायलेन्सरला हात लावून बघतो, कारण विकणारा इंजिन गरम करून ठेवतो आणि मग “बघा, एका सेलमध्ये चालू” म्हणतो. इंजिन चालू करून ऑईलचं झाकण काढतो, धूर किती मारतोय बघतो. नांगर जोडून उचलतो, इंजिन बंद करतो आणि एक विडी होईपर्यंत थांबतो, लिफ्ट खाली बसते का म्हणून. शेवटी रानात घालतो. एवढं करून मग किमतीचं बोलणं. आणि हाच गृहस्थ संध्याकाळी पोराबरोबर चारचाकी बघायला जातो, गाडीभोवती एक फेरी मारतो, मागं येऊन अक्षरावर बोट ठेवतो आणि विचारतो, “टॉप हाय नव्हं?” ट्रॅक्टर रोजीरोटीचा, त्यात फसून चालत नाही. गाडी इज्जतीची, आणि इज्जतीच्या वस्तूचा ओठ ओढून बघायला आपल्याला लाज वाटते. दुखणं आहे ते इथं.

हौस म्हणता ना, मग हौसेची एक गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी एका लग्नाचं वऱ्हाड वळवाच्या पावसात आमच्या शिवारातून चाललं होतं. काळं रान, कच्चा रस्ता. नवरदेवाच्या मोठ्या गाडीच्या मागं दोन्ही अंगांनी लाल अक्षरांत ‘फोर बाय फोर’. म्हणजे चारी चाकं ओढणारी. पुढचे दोन टेम्पो अडकलेले बघून ड्रायव्हर म्हणाला, “आपल्याला काय फरक पडत न्हाई.” आणि घातली गाडी. मागची दोन चाकं गरगर फिरायला लागली, पुढची दोन देवळातल्या कासवासारखी निवांत. गाडी पोटावर बसली. नवरदेव मुंडावळ्या बांधून चिखलात उतरला, बूट हातात घेतले. शेवटी माझा बिनबॉनेटचा ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि ओढून काढली. त्या ट्रॅक्टरच्या अंगावर नाव, नंबर, रंग, काही शिल्लक नाही. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, “मालकानं लावून घेतलंय ते. मला पण न्हाई सांगितलं.” आपल्याच ड्रायव्हरला न सांगता लावलेली ही हौस. तिथं नुसता चिखल होता म्हणून लोक हसले. घाटात, ओढ्याला पाणी असताना असं झालं असतं तर?

लग्नाचं निघालंच आहे तर तेही बोलतो. पूर्वी पोरगी द्यायची म्हणजे आमची माणसं विहिरीत डोकावून बघायची. चैत्रात पाणी किती राहतंय, कणगीत धान्य किती, गोठ्यात दावणीला काय आहे, वैरणीची गंज केवढी. आता शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळेना, आणि जी बघायला येतात ती माणसं अंगणात उभी असलेली गाडी आधी बघतात. मध्यस्थच सांगतो, “आदल्या दिवशी जरा गाडी सजवून घ्या.” अशा एका बघाबघीला मला वडीलधारा म्हणून नेलं होतं, मुलाकडून. मुलगा कष्टाळू, दोन एकर द्राक्षबाग स्वतः छाटतो, औषधाचं गणित तोंडपाठ. काही कमी नव्हतं. पण बापानं आदल्या दिवशी गाडीला झेडचं अक्षर लावून आणलेलं. मुलीचा भाऊ गॅरेजला कामाला. तो बोलता बोलता गाडीत जाऊन बसला आणि उतरून आला. चहापोहे झाले, सगळं गोड बोलणं झालं. आठ दिवसांनी नकार आला. मध्यस्थाकडून कळलं ते असं की पोरगा म्हणाला होता, “ज्यांनी गाडीचं खोटं सांगितलं त्यांनी बागेवरच्या कर्जाचं खरं सांगितलं असंल कशावरनं?” त्याचं काय चुकलं? बागेवर कर्ज होतंच, आणि ते ह्यांनी बैठकीत खरं तेवढंच सांगितलं होतं. पण दोनशे रुपयांच्या अक्षरानं खऱ्याचीही किंमत घालवली.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

आमच्या वस्तीवरचे अण्णा. मराठी चौथी शिकलेले. थोरल्या पोरानं जिद्द धरली म्हणून ऊसबिलातून गाडी घ्यायची ठरली. तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांचा एक एजंट आहे, त्याच्याकडून डिझेल गाडी घेतली. मागं झेडडीआय. तशाच सालाची एलडीआय शेजारी उभी होती, ती पन्नास हजारांनी कमी. अण्णांनी जास्तीची घेतली, आणि का घेतली ते मला त्यांनी स्वतः पेढे द्यायला आले तेव्हा सांगितलं होतं. “पोरगं रात्री-अपरात्री फिरतंय. हिच्यात धडक बसली की फुगं उघडत्यात म्हणं. पैशाकडं बघून उपयोग न्हाई.” चौथी शिकलेल्या माणसानं ह्यापेक्षा शहाणपणाचं आणखी काय बोलायचं?

दुसऱ्या वर्षी गाळप हंगामात रात्री दीड वाजता पोरगं परत येत होतं. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, एक दगडसुद्धा लावलेला नाही. त्या ट्रॉल्यांवर एक वेगळं प्रकरण लिहावं लागेल, एवढे जीव त्यांनी खाल्लेत. गाडी समोरून आत घुसली. पोरानं पट्टा लावला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलं.

एअरबॅग असती तर तो वाचला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण पंचनाम्यानंतर गाडी आणायला मी अण्णांबरोबर ठाण्यात गेलो होतो. पुढचा निम्मा भाग राहिलाच नव्हता. स्टीअरिंग वाकून एका अंगाला आलेलं, मधोमध साधं प्लास्टिकचं झाकण, हॉर्नचं. फुगा तिथं कधी नव्हताच. मागचा भाग मात्र जसाच्या तसा. ओरखडा नाही. झेडडीआय अशी चमकत होती की जणू आत्ताच चिकटवलीय. अण्णा पुढं गेलेच नाहीत, मागंच उभे राहिले. हवालदाराच्या हातातल्या कागदावर मॉडेलपुढं एलडीआय छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि गप्प बसलो. अण्णांनीच विचारलं, “फुगं का उघडलं न्हाईत रे?” दोन महिन्यांनी कुणीतरी त्यांना सांगितलंच. ते एजंटाकडं गेले. तो म्हणाला, “मी कुठं लिहून दिलंय? गाडी आली तशी विकली. मागच्या मालकानं लावलं असंल.” मागचा मालक तिसऱ्या जिल्ह्यातला. त्याच्याही मागं आणखी एक. पन्नास हजार कुणाच्या खिशात गेले ते दिसतं, पण अक्षर कुणी लावलं ते कुणालाच सांगता येत नाही.

हौसेनं लावणाऱ्या पोरा, तू फसवायला लावत नाहीस, मला मान्य आहे. पण तू गाडी विकतोस. विकताना ते अक्षर काढून ठेवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. तुझी हौस तिसऱ्या मालकाकडं गेली की तिचं फसवणूक ह्या नावानं बारसं होतं, आणि तेव्हा तू तिथं नसतोस.

ह्यावर शिकलेली माणसं मला एक उत्तर देतात. म्हणतात, कंपन्याच नावं बदलतात त्याचं काय? खरं आहे. मारुतीची बलेनो तीच २०१९ पासून टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लांझा म्हणून उभी राहिली, पुढच्या वर्षी ब्रेझा तिकडं अर्बन क्रूझर झाली. रेनोची डस्टर आणि निसानची टेरानो, थोडं नाकडोळे बदलून एकच गाडी. महिंद्रानं २००७ साली रेनोबरोबर लोगान काढली, भागीदारी मोडल्यावर तीच व्हेरिटो झाली. पण ग्लांझा घेणाऱ्याच्या कागदावर ग्लांझाच लिहिलेलं असतं, आणि आत काय मिळणार ते शोरूममध्ये छापील पत्रकात दिलेलं असतं. कंपनी नाव बदलते तेव्हा नावाची जबाबदारी घेते. आमच्या स्टँडमागच्या काउंटरवर जबाबदारी मिळत नाही, नुसतं नाव मिळतं. कंपन्यांवर माझा राग वेगळाच आहे. ज्या वस्तूनं जीव वाचतो ती वस्तू त्यांनी इतकी वर्षं संगीतपेटीच्या आणि चकचकीत चाकांच्या जोडीला बांधून ‘टॉप मॉडेल’ म्हणून विकली. गरिबाच्या गाडीला फुगा नको, असं तोंडानं न म्हणता म्हटलं. अक्षराला एवढी किंमत आली ती त्यामुळंच. सरकारी सक्ती दहा वर्षं आधी आली असती तर झेड आणि एल ह्यांच्यात फक्त गाण्याचा फरक उरला असता, आणि मग लावा म्हटलं असतं काय लावायचं ते.

आता काढणाऱ्यांचं. माझा एक भाचा जर्मनीत कामाला आहे. तो सांगतो, तिथं महागडी गाडी बुक करतानाच मागचा मॉडेलचा आकडा नको असं सांगता येतं, त्याचे जादा पैसेही पडत नाहीत, कंपनी कोरी पाठ करून देते. मोठं इंजिन घेणारा शेजाऱ्याच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून काढतो, लहान घेणारा लहान आहे हे कळू नये म्हणून. पुण्यातली पोरंही अलीकडं मोनोग्राम काढतात. ‘क्लीन लूक’ म्हणतात. केसांच्या ड्रायरनं गरम करायचं, नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा फिरवायचा, राहिलेली टेप पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायची. काढणाऱ्याशी माझं भांडण कमी आहे. गप्प बसणं आणि खोटं बोलणं ह्यात फरक असतो. पण जुन्या बाजारात ही गप्प पाठही कामाला येते. कोरी गाडी दाखवून “टॉपच हाय, पयल्या मालकानं पट्टी काढलीय” म्हणणारे एजंट आहेतच. तिथं एक गोष्ट मात्र गरिबाच्या बाजूनं आहे. रंग उन्हानं विटतो, आणि अक्षराखालचा विटत नाही. पट्टी काढली तरी सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं की जुनं अक्षर मागं सावलीसारखं दिसतं. एलच्या जागी व्ही लावला असला तरी एलची दांडी कडेनं डोकावते. पुन्हा रंग मारला असेल तर तो का मारला हे विचारता येतं.

अक्षरापायी कर्जात गेलेलं एक पोरगंही मला माहीत आहे. शेजारच्या गावचं. जुनी फॉर्च्युनर घेतली, २०१३ ची. २०२१ साली लेजेंडर नावाचं नवं रूप बाजारात आलं तसं ह्याला चैन पडेना. पुढचा बंपर, जाळी, दिवे, मागची अक्षरं, सगळं बदलून घेतलं. खर्च अडीच लाख, त्यानंच सांगितला, तोही अभिमानानं. तेवढ्यात त्याच्या चार एकराला ठिबक झालं असतं. आमच्याकडं माणसाची खरी पाठ सातबाऱ्यावर असते, ‘इतर हक्क’ रकान्यात. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, सगळं तिथं. गाडीच्या आरसीवरही फायनान्सवाल्याचं नाव तसंच चढतं आणि हप्ते फेडून ना-हरकत आणल्याशिवाय उतरत नाही. ह्या पोराच्या दोन्ही कागदांवर जागा उरली नव्हती. गाडीच्या पाठीवर मात्र लेजेंडर. बाग अवकाळीत गेली त्या साली वीस गुंठे गेले, रस्त्याकडचे.

ह्याला कायदा नाही का, असं लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कागदावर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय गाडीत करू नये असं ते सांगतं. पण प्लास्टिकच्या पट्टीसाठी कुणाला थांबवलेलं मी तरी पाहिलं नाही. नंबरप्लेटवर २१४ चा ‘राम’ करणारे, आकड्यांतून ‘बॉस’ लिहिणारे नव्या सक्तीच्या प्लेटनं वळणावर आले, कारण ती प्लेट सरकारला वाचायची असते. मागचं अक्षर तुम्हाला-आम्हाला वाचायचं असतं, म्हणून त्याची काळजीही आपणच घ्यायची. जुनी गाडी घेताना विसारपावतीवर गाडीचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, झेड तर झेड, एल तर एल, आणि खाली एजंटाची सही घ्या. तोंडी ‘टॉप’ला सही नसते. आरसीवर मॉडेलचं नाव बहुतेक वेळा पूर्ण छापलेलं असतं, ते पोराकडून वाचून घ्या. मोबाईलवर नंबर टाकला तरी सरकारी ॲपवर दिसतं. स्टीअरिंगच्या मधोमध एअरबॅग किंवा एसआरएस अशी अक्षरं दाबून उमटवलेली आहेत का बघा. चावी फिरवली की तिचा दिवा लागून विझतो का बघा. एवढा ओठ ओढायला दोन मिनिटं पुरतात.

अण्णांच्या धाकट्याला आता गाडी लागते आहे, दुधाच्या कामासाठी. परवा त्याला घेऊन मी त्याच एजंटाकडं गेलो. मुद्दाम त्याच्याकडंच. एक पांढरी गाडी उभी होती, मागं झेड. मी उन्हाच्या बाजूला जाऊन वाकून बघत होतो तसा तो खुर्चीतून उठला.

“काका, गाडी तुमाला घ्यायचीय का?”

“मला न्हाई. घेणारा हा उभा हाय. वळख पटती का बघा.”

त्यानं धाकट्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंडवळा थोरल्याचाच आहे. मग आत जाऊन आरसी घेऊन आला, आणि न मागता कोरी विसारपावतीही.